एतोशातले एक पंक्चर आणि सूर्यास्ताआधीची शंभर मिनिटे

पार्श्वभूमी

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातला रविवार. नामिबियाच्या उत्तरेकडचे एतोशा राष्ट्रीय उद्यान. गाडीत सांगलीकडचे चौघे: पन्नाशीतले एक दांपत्य, बाईंचा धाकटा भाऊ आणि त्याची बायको. विंडहुकमधून भाड्याने घेतलेली डिझेलची डबल कॅब पिकअप, छतावर घडीचे दोन तंबू, मागच्या बंद हौद्यात फ्रिज, गॅसची शेगडी, पाण्याचे कॅन, टेबल-खुर्च्या. ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत. वेळा आणि अंतरे महत्त्वाची आहेत, म्हणून ती ठेवली आहेत.

चौघांनीही ताडोबा दोन-तीनदा पाहिलेले. ताडोब्याच्या फेरीत जिप्सीचा ड्रायव्हर आणि गाईड बरोबर असतात. कुठे किती थांबायचे, परत कधी वळायचे, गेटवर किती वाजता पोचायचे, हे सगळे ते सांभाळतात आणि पर्यटकाने फक्त पाहायचे असते. एतोशात स्वतःची गाडी घेऊन फिरताना ही सगळी कामे गाडीतल्या माणसांकडे येतात. नामिबियात वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात, त्यामुळे गाडी चालवणे परके वाटत नाही. परका असतो तो वेळेचा हिशोब.

एतोशाला १९०७ मध्ये संरक्षण मिळाले. आजचे क्षेत्र साधारण २२ हजार चौरस किलोमीटर, आणि त्यातला सुमारे ४,८०० चौरस किलोमीटरचा भाग म्हणजे पांढरी सपाट खारी जमीन, जिला तिथे नुसते ‘पॅन’ म्हणतात. पॅनच्या दक्षिण काठाने पश्चिमेकडून पूर्वेकडे ओकाउकुएयो, हलाली आणि नामुतोनी असे तीन मोठे कॅम्प आहेत. पहिल्या दोघांत साधारण ७० किलोमीटर अंतर, हलालीपासून नामुतोनी जवळपास तेवढेच. मे ते ऑक्टोबर कोरडा काळ असतो. रानात पाणी उरत नाही आणि प्राणी पाणवठ्यांवर येतात. म्हणून इथली सफारी म्हणजे एका पाणवठ्यावरून दुसऱ्यावर जाणे आणि इंजिन बंद करून थांबणे.

नियम मोजके पण कडक आहेत. वेगमर्यादा ताशी ६० किलोमीटर. कॅम्प आणि कुंपण घातलेली स्वच्छतागृहे सोडून कुठेही गाडीतून उतरायचे नाही. रस्ता सोडायचा नाही. कॅम्पचे गेट सूर्योदयाला उघडते, सूर्यास्ताला बंद होते आणि त्या दिवसाची वेळ गेटवर लिहिलेली असते. त्या रविवारी ती सकाळी सव्वासात आणि संध्याकाळी पावणेसात होती.

शनिवारी राहून गेलेले काम

या प्रकरणाची सुरुवात रविवारी झाली नाही. आदल्या दिवशी पामवागहून कामान्याबकडे येताना खडीच्या रस्त्यावर मागचे एक चाक पंक्चर झाले. गाडीला दोन स्टेपन्या होत्या, एक चासीखाली आणि एक हौद्यात उभी बांधलेली. हौद्यातली लावून ते पुढे निघाले. कामान्याब सव्वाबाराला लागले. तिथे पंक्चर काढून मिळाले असते, पण ‘आउत्यो मोठे गाव आहे, तिथे बघू’ असे ठरले. आउत्यो दीडशे किलोमीटर पुढे. पोचेपर्यंत दोन वाजले आणि दुकानांना कुलपे. नामिबियात शनिवारी दुपारी एकनंतर बहुतेक दुकाने बंद होतात, ती सोमवारी उघडतात.

हा पहिला निर्णयाचा क्षण, आणि तो निसटल्याचे कुणाच्या लक्षातही आले नाही. संध्याकाळी ओकाउकुएयोला तंबू लावल्यावर हातात दोन तास होते. त्या टायरच्या पट्ट्यात, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागात, टोकदार दगडाने पडलेले एकच भोक होते. गाडीबरोबर पंक्चरच्या रबरी वाती, रासप (भोक घासायची खरखरीत सळई), सुई आणि बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर दिलेला होता. वीस मिनिटांचे काम. पण ती पेटी उघडलीच गेली नाही. रविवारी सकाळी गाडी निघाली तेव्हा दोनपैकी एक स्टेपनी निकामी होती आणि दुसरीची हवा कुणी मोजलेली नव्हती.

सकाळ

छतावर तंबू असला की गाडी हलवण्याआधी तो मिटावाच लागतो. सवय असेल तर एका तंबूला दहा मिनिटे पुरतात. नवख्यांना वीस लागतात, कारण गाद्या आत दाबून कव्हरची चेन ओढताना कापड दर वेळी मध्ये येते. आठ-दहा अंश थंडीत बोटे वळत नाहीत, हेही धरायला हवे. हे सव्वासहाला उठले. चहा, सोबत आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, मग दोन तंबू. गेट सव्वासातला उघडले तरी गाडी बाहेर पडायला आठला दहा कमी होते. सकाळची सोन्यासारखी पस्तीस मिनिटे गेली. जागा आपली आहे हे दिसावे म्हणून टेबल आणि चार खुर्च्या तिथेच ठेवल्या.

नेब्राउनी, गेम्सबोकफ्लाक्टे, मग ओलिफान्त्सबाद असे पाणवठे. ओलिफान्त्सबादला चिखलाने पांढरे पडलेले हत्ती तासभर पाणी पीत होते आणि चौघेही तिथे योग्यच थांबले. पाणवठ्यावर वाट पाहणाऱ्याला एतोशा भरभरून देते. दहा-दहा मिनिटांनी पुढचा पाणवठा गाठणाऱ्यांना नुसती धूळ मिळते. एक वाजता हलाली. जेवण, सावली, डिझेल. कॅम्पांवर पंप असले तरी डिझेल प्रत्येक वेळी असतेच असे नाही, म्हणून टाकी अर्धी झाली की भरायची. ते यांनी केले.

दुपारचा हिशोब

हलालीहून पावणेतीनला परतीला निघायचे ठरले. वाट पॅनच्या काठाची: साल्वादोरा, सुएदा, होमोब. वळणे धरून साधारण ८५ किलोमीटर. नकाशावरचे ॲप दोन तासांखाली वेळ दाखवत होते आणि त्यावर विसंबून चौघांनी ठरवले की चार तास आहेत, म्हणजे भरपूर आहेत.

प्रत्यक्षात एतोशाच्या खडीच्या रस्त्यावर थांबे धरून ताशी २५ ते ३० किलोमीटरच पडतात. ८५ किलोमीटरला तीन तास. सव्वासहाला पोचायचे धरले तर खरोखर मोकळा वेळ अर्धा तास, आणि सूर्यास्तापर्यंतचा अर्धा तास हा राखीव. तो खर्चाला काढायचा नसतो. हा आकडा कागदावर मांडला असता, तर पुढे सिंहिणीजवळ किती थांबायचे हे तिथल्या तिथे ठरवावे लागले नसते.

अडचण

चार वीसला, साल्वादोराच्या परिसरात, रस्त्यापासून ऐंशी-नव्वद फुटांवर एक सिंहीण झेब्रा घेऊन बसलेली दिसली. आणखी दोघी मागे झुडपाच्या सावलीत. पाच गाड्या गोळा झालेल्या. पस्तीस मिनिटे गेली. निघताना समोरून सहावी गाडी आली आणि तिला वाट द्यायला यांच्या चालकाने, म्हणजे थोरल्या गृहस्थांनी, डावी चाके रस्त्याच्या कडेच्या खडीच्या वरंब्यावर चढवली.

हा वरंबा नीट समजून घ्यायला हवा. रस्ता सारखा करणारा ग्रेडर सैल खडी कडेला लोटत जातो, आणि तिथे चुनखडीच्या कठीण खडकाचे धारदार तुकडे साठतात. रस्त्याच्या मध्यावरची खडी चाकांखाली दबून गुळगुळीत झालेली असते, कडेची तशीच पात्यासारखी राहते. टायर वरंब्यावर तिरके चढले की वजन पट्ट्यावर न येता बाजूच्या पातळ भिंतीवर येते. पट्ट्याला पोलादी तारांचे थर असतात. बाजूला बहुधा नुसते कापडाचे थर आणि रबर असते. शिवाय चालकाने वळताना चाक जागच्या जागी फिरवले, आणि सगळ्यात जास्त कापले जाते ते तेव्हाच.

गाडी सुरळीत उतरली. आवाज झाला नाही. पाच वाजून पाच मिनिटांनी, साधारण दोन किलोमीटर पुढे, स्टिअरिंग डावीकडे ओढू लागले. मेव्हण्याने खिडकीतून वाकून पाहिले. पुढचे डावे टायर जवळजवळ बसले होते आणि बाजूला तीन सेंटिमीटरची चीर स्पष्ट दिसत होती.

सूर्यास्ताला शंभर मिनिटे. हलाली मागे, २५ किलोमीटरच्या आत. ओकाउकुएयो पुढे, पन्नासच्या आसपास. फोनला रेंज नाही. सिंहिणी दोन किलोमीटर मागे.

समोरचे पर्याय

थोरल्यांचा हात दाराकडे गेला होता. मेव्हणा म्हणाला, “दाजी, उतरायचं नाही. आधी बघूया सगळं.” या एका वाक्याने पुढची सगळी संध्याकाळ सावरली.

लगेच उतरून चाक बदलणे हा पहिला पर्याय. सिंहिणी दोन किलोमीटरवर म्हणजे लांब वाटतात, पण ज्या तिघी दिसल्या त्या खाण्यात गुंतलेल्या होत्या; न दिसलेल्यांचा पत्ता कुणाला होता? गाडी उभी होती तिथे डावीकडे कमरेइतके गवत आणि मोपाने झाडांची दाटी होती. चाक बदलणारा माणूस खाली बसलेला, पाठ रानाकडे, नजर नटांवर. मोठ्या मांजरांना उभ्या माणसापेक्षा बसलेला किंवा वाकलेला माणूस जास्त सोपा वाटतो. हा पर्याय बाद.

दुसरा, बसलेल्या टायरवर तसेच हलालीपर्यंत जाणे. पंचवीस किलोमीटरमध्ये टायरच्या चिंध्या होतात, मग रिम खडीवर घासून वाकते, आणि वाकलेल्या रिमचे तुकडे ब्रेकच्या नळीला लागू शकतात. पूर्ण अंतरासाठी बाद. पण चारशे-पाचशे मीटर, चालण्याच्या गतीने, चांगल्या जागेपर्यंत? हे करता येते आणि करायलाच हवे. टायर तसाही गेलेला होता, त्याचा जीव वाचवण्यात अर्थ नव्हता.

तिसरा, चीर बुजवून हवा भरणे. वाती फक्त पट्ट्यातल्या भोकाला चालतात. बाजूची भिंत चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला वाकते, त्यामुळे तिथली वात निघून येते.

चौथा, दुसऱ्या गाडीची वाट पाहणे. सिंहिणीजवळ सहा गाड्या होत्या. त्यातल्या निम्म्या तरी सूर्यास्ताआधी याच रस्त्याने जाणार होत्या. आलेल्या गाडीला निरोप देऊन हलालीतून माणसे मागवता येतील, किंवा तिच्याच आडोशाने चाक बदलता येईल.

ठरले ते दुसऱ्या आणि चौथ्याचे मिश्रण: हळू पुढे सरकायचे, मोकळ्या जागी थांबायचे, गाडी येईपर्यंत काचा वर. बाईंनी पाण्याची बाटली फिरवली आणि घड्याळ स्वतःच्या हातात घेतले. “मी दर पाच मिनिटांनी वेळ सांगत्ये, तुम्ही दुसरं काही बघू नका,” असे त्या म्हणाल्या, आणि तसेच केले.

चाक बदलले ते असे

चारशे मीटरवर झाडी संपून पॅनच्या बाजूचे उघडे मैदान आले. दोन्ही बाजूंना दोन-तीनशे मीटरपर्यंत गुडघ्याच्या वर काही नाही. गाडी तिथे रस्त्याच्या उजव्या अर्ध्यात आणून उभी केली, म्हणजे खराब झालेले डावे चाक कडेच्या सैल खडीवर न राहता रस्त्याच्या मध्यावर, कठीण जमिनीवर आले. समोरून कुणी आल्यास दिसावे म्हणून चारही इंडिकेटर.

पाच वीसला एक दक्षिण आफ्रिकी जोडपे आले. त्यांनी गाडी डाव्या बाजूला समांतर उभी केली, मध्ये साधारण दीड मीटर जागा ठेवून. त्यामुळे चाक दोन गाड्यांच्या मधल्या बोळात आले. त्यांनी हलालीला निरोप न्यायचीही तयारी दाखवली, पण जाणे-येणे धरून माणसे येईपर्यंत अंधार पडला असता, म्हणून ती मदत नाकारली.

कामाची वाटणी बोलून केली. दोघे पुरुष बोळात. दोघी बायका यांच्या गाडीत, एक पुढे पाहणारी, एक मागे. दुसऱ्या गाडीतले दोघे डावीकडचे रान पाहणारे. दोन्ही गाड्यांची बोळाकडची दारे अर्धवट उघडी, कारण पळत जाऊन दार उघडण्यात दोन सेकंद जातात. पाहणाऱ्यांनी कामाकडे वळून बघायचे नाही, हा ठरलेला नियम.

आणि इथे शनिवारच्या आळसाचे व्याज भरावे लागले. जॅक, पाना आणि स्टेपनी उतरवायची लांब सळई मागच्या सीटखाली होती. त्यावर दोन बॅगा, किराण्याची पेटी, झोपायच्या पिशव्या. सात मिनिटे गेली. चासीखालची स्टेपनी साखळीने टांगलेली असते. मागच्या बंपरजवळच्या भोकातून सळई घालून फिरवली की साखळी सैल होते. ते भोक आठवडाभराच्या धुळीने चोंदले होते. सळईचे टोक आतल्या खाचेत बसेना. पाण्याचा एक घोट ओतून, काटेरी चमच्याच्या दांड्याने कोरून, तिसऱ्या प्रयत्नाला बसले.

पुढचा क्रम मात्र बरोबर होता. हँडब्रेक, गिअरमध्ये गाडी, तिरक्या कोनातल्या मागच्या उजव्या चाकाला दोन्हीकडून दगड. दगड आधी बुटाने उलटा करायचा, खाली विंचू असू शकतो. गाडी वर उचलण्याआधी सहाही नट पाऊण फेरा सैल. चाक हवेत गेल्यावर घट्ट नट सोडायला गेले तर चाकच फिरते आणि गाडी जॅकवर हलते. जॅक कंपनीने चासीवर नेमलेल्या जागी. पण जोर येताच जॅकचा तळ धुळीत रुतू लागला. भाजी चिरायचा जाड लाकडी पाट खाली घातला आणि जॅक स्थिर झाला. त्या पाटावर शेवटपर्यंत जॅकच्या तळाचा गोल ठसा राहिला. अशी पाटी, साधारण एक फूट बाय एक फूट आणि इंचभर जाड, जॅकजवळच ठेवलेली असावी. स्वयंपाकाच्या पेटीत ती शोधावी लागू नये.

चाक बसवले, नट हाताने, मग चाक टेकवून आळीपाळीने समोरासमोरचे. मग हवा मोजली: १.४ बार. आपल्या पंपावरच्या भाषेत वीस. भरलेल्या पिकअपच्या पुढच्या चाकाला खडीवर ही कमीच. इतकी मऊ हवा ठेवून पळवले की पुन्हा बाजूच कापते. कॉम्प्रेसरचे चिमटे थेट बॅटरीला लावले, इंजिन चालू ठेवले. चार मिनिटांत २ बार, म्हणजे एकोणतीस. फाटलेले चाक हौद्यात टाकले. पाच बावन्न. बत्तीस मिनिटे.

हलाली की ओकाउकुएयो

दिवसातला सगळ्यात अवघड निर्णय हा होता, आणि तो प्राण्यांचा नव्हता. सामान ओकाउकुएयोला. आरक्षण ओकाउकुएयोला. थोरले म्हणाले, “साठनं गेलो तर पोचतोय की.” हिशोब असा: ५० किलोमीटर, साठची मर्यादा, खडीवर सावधपणे सरासरी ४५. म्हणजे सदुसष्ट मिनिटे. हातात त्रेपन्न. आणि आता चांगली स्टेपनी एकही नाही. पुढे काही झाले तर अंधारात, प्राण्यांच्या वेळेला, बंद गेटाच्या बाहेर.

हलालीला मागे वळून पंचवीस किलोमीटर, पस्तीस मिनिटे. अठरा मिनिटे शिल्लक. मेव्हण्याच्या बायकोने विचारले, “टेबल-खुर्च्यांशिवाय तिथं अजून काय आहे आपलं?” काहीच नव्हते. तंबू डोक्यावरच होते, जेवण फ्रिजमध्ये होते. गाडी वळली. सिंहिणींजवळून जाताना थांबायचे नाही, हेही आधीच ठरले. सहा एकतीसला हलालीचे गेट.

परिणाम

हलालीच्या कार्यालयाने रिकामी जागा दिली, पैसे पुन्हा घेतले, आणि ओकाउकुएयोला कळवले. हे कळवणे फार गरजेचे होते. परत न आलेल्या गाडीचा शोध घ्यायला माणसे बाहेर पडतात आणि त्यांचाही जीव रात्रीच्या रस्त्यावर येतो.

सोमवारी स्टेपनीशिवाय ताशी चाळीसने आधी ओकाउकुएयो. सामान जागच्या जागी होते, पण टेबलाखाली विसरलेल्या चपलांपैकी एक कोल्ह्यांनी नेली होती. काळ्या पाठीचे कोल्हे त्या कॅम्पमध्ये रात्रभर फिरतात. चामडे, रबर, खरकटे, काही सोडत नाहीत. मग अँडरसन गेटमधून बाहेर, शंभर किलोमीटरवर आउत्यो. एक नवे टायर विकत, एक पंक्चर दुरुस्त. टायर आणि काचा भाड्याच्या साध्या विम्यात सहसा येत नाहीत. वेगळे संरक्षण घ्यावे लागते, ते यांनी घेतले नव्हते. नामुतोनीचा ठरलेला दिवस रद्द झाला. कुणाला खरचटलेही नाही.

वेगळे काय करता आले असते

चुका मोजायच्या तर वरंब्यावर गाडी चढवणे ही सगळ्यात छोटी. ती अनुभवी माणसाकडूनही होते. तिथे मागे घेऊन समोरच्याला वाट देणे, किंवा तो जाईपर्यंत आहे तिथेच उभे राहणे, हे चांगले. चढवलीच तर पहिल्या सुरक्षित थांब्यावर खिडकीतून चाके पाहायची. यांच्या चालकाने पाचशे मीटरवर पाहिले असते तरी टायर गेलेलाच असता, पण काही मिनिटे वाचली असती.

खरी चूक शनिवारची. कामान्याबला अर्धा तास थांबले असते तर रविवारी गाडीत दोन चांगल्या स्टेपन्या असत्या, ओकाउकुएयो-हलालीचा निर्णय इतका जिवावरचा झाला नसता, आणि नामुतोनीही हातचे गेले नसते. नामिबियात स्टेपनी वापरली गेली की पुढच्या पहिल्याच गावात ती दुरुस्त करायची, मोठ्या गावाची वाट पाहायची नाही. आणि गाव निसटले तर स्वतः करायचे. भोक सापडत नसेल तर साबणाचे पाणी टाकून बुडबुडे पाहायचे. दगड किंवा खिळा पक्कडीने त्याच कोनात ओढायचा. रासप भोकात आठ-दहा वेळा वरखाली फिरवायचा. इथे हात आखडला तर वात बसत नाही, आणि नवख्यांचे काम फसते ते इथेच. वात सुईत मधोमध ओवून, रबराचे सिमेंट (पंक्चरचे सोल्युशन) लावून आत ढकलायची, दोन्ही टोके दीड सेंटिमीटर बाहेर राहतील इतपत. मग सुई झटक्यात ओढायची. हवा भरायची, टोके कापायची, थुंकी लावून बुडबुडा पाहायचा.

हवेबद्दलही एक गोष्ट. डांबरी रस्त्यावर भरलेल्या पिकअपला पुढे २.२ आणि मागे २.५ बार ठीक असते. खडीवर पुढे १.८, मागे २ वर आणली की टायर दगडावर थोडा बसतो आणि पट्टा कमी फाटतो, फक्त वेग साठच्या आत हवा. मोजायची ती सकाळी, गाडी थंड असताना. दुपारी तापलेले टायर पाव बार जास्त दाखवते, आणि त्यावर भुलून हवा सोडली तर संध्याकाळी ती कमी पडते. मोजताना स्टेपनीही मोजायची. ती जरा जास्त, २.५ ला ठेवावी. सोडायला अर्धे मिनिट लागते, भरायला चार.

जॅक, पाना, सळई, पाटी आणि हातमोजे एका पिशवीत, आणि ती पिशवी सगळ्यात वर. प्रवास सुरू करण्याआधी, विंडहुकमध्ये गाडी ताब्यात घेताना, स्टेपनी एकदा प्रत्यक्ष खाली उतरवून पाहायची. भाड्याने देणारे घाई करतात, तरी पाहायची. सळई बसते का, साखळी गंजली नाही ना, नटाचा पाना बरोबर मापाचा आहे ना.

वेळेचा हिशोब उलटा करायचा: सूर्यास्तातून पाऊण तास वजा, मग उरलेले किलोमीटर तीसने भागून तेवढे तास वजा. जी वेळ येते ती वळायची वेळ. ती कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवायची आणि चालकाशिवाय दुसऱ्या कुणाकडे सोपवायची. त्या रविवारी ८५ किलोमीटरला ही वेळ तीन वाजून दहा मिनिटे निघते. म्हणजे पावणेतीनला हलालीहून निघताना खरे तर पंचवीसच मिनिटे गाठीशी होती. सिंहीण पाहायची असती तर परतीची वाट पॅनच्या काठाची नको होती, सरळ मुख्य रस्त्याची हवी होती. किंवा दुपारी हलालीत पावणेदोन तास न बसता दोन वाजता निघायला हवे होते.

कोणीच आले नसते तर

हा प्रश्न चौघांना नंतर पडला, गाडीतच पडायला हवा होता. सहापर्यंत कुणी आले नसते तर चाक बदलण्याचा विचार सोडून रात्रीची तयारी करणे भाग होते. उजेड असताना गाडी मोकळ्यावर घ्यायची. पाणी, झोपायच्या पिशव्या, विजेरी आणि लघवीसाठी रुंद तोंडाची बाटली मागच्या हौद्यातून आधीच पुढे आणून ठेवायची, कारण अंधारात हौद्याकडे जायचे नाही. माणशी पाच लिटर पाणी रोज गाडीत असतेच, असे धरून चालता येते. छतावरचा तंबू उघडायचा नाही, त्यासाठी बाहेर उतरावे लागते. काचा बोटभर उघड्या. दर तासाला पाच मिनिटे इंडिकेटर, बाकी वेळ बंद, म्हणजे बॅटरी सकाळी गाडी सुरू करायला पुरते. कॅम्पकडे पायी निघायचे नाही. गेट कितीही जवळ दिसत असले, दिवे लुकलुकत असले, तरी नाही. सूर्योदयानंतर तासाभरात पाणवठ्यांच्या रस्त्याने पहिली गाडी येते.